भग्न वास्तूंची चित्रे आणि आपली साक्ष

पवित्र कुरआनच्या सूरह हुजुरातमधील सहावी आयत बहुतेक वाचकांच्या परिचयाची आहे. एखादा अविश्वासू मनुष्य काही वार्ता घेऊन आला तर तिची नीट शहानिशा करा. नाही तर अजाणतेपणी तुमच्या हातून एखाद्या समूहाला अपाय होईल आणि मग केल्या कृत्याबद्दल पश्चात्ताप करण्याची वेळ येईल, असा तिचा आशय आहे. अफवांविषयी बोलताना आपले वक्ते ही आयत नेहमी सांगतात. परंतु तफसीरकारांनी तिच्या अवतरणाची जी पार्श्वभूमी नोंदविली आहे, तिच्यापाशी मात्र आपण क्वचितच थांबतो.

बनू मुस्तलिक या कबिल्याने इस्लामचा स्वीकार केला होता. त्यांच्याकडून जकात आणण्यासाठी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वलीद बिन उक्बा (रजि.) यांना पाठविले. दूत येत असल्याचे कळताच त्या कबिल्याचे लोक त्यांना सामोरे जाण्यासाठी वस्तीबाहेर आले. पूर्वीचे वैर मनात असल्यामुळे तो जमाव पाहून वलीद (रजि.) धास्तावले, वाटेतूनच मागे फिरले आणि त्या लोकांनी जकात नाकारली असून ते आपल्या जिवावर उठले आहेत, असे त्यांनी मदीनेत येऊन सांगितले. कारवाईची भाषा सुरू झाली. पुढे कबिल्याची माणसे स्वतःच आली आणि उलगडा झाला.

वाचकहो, या प्रसंगात डोळ्यांनी पाहिलेले दृश्य खोटे नव्हते. माणसांचा जमाव खरोखरच समोरून येत होता. खोटा ठरला तो त्या दृश्याला लावलेला अर्थ. आजच्या भाषेत सांगायचे तर छायाचित्र अस्सल होते, त्याखालची ओळ चुकीची होती. आणि त्या एका ओळीमुळे एका निरपराध वस्तीवर संकट ओढवणार होते.

युद्धात उद्ध्वस्त झालेल्या मशिदी, मंदिरे, राजवाडे, ग्रंथालये यांच्या चित्रांबाबत नेमका हाच प्रश्न आपल्यासमोर आहे. कोसळलेला मिनार किंवा जळालेला वाडा पाहताना मन हेलावते. अशा हेलावलेल्या मनाला जो पहिल्यांदा कारण सांगतो, तो त्याला हवे तिकडे वळवू शकतो, हे सत्ताधाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आपल्या देशात १८४२ मध्ये याचा एक विलक्षण प्रयोग झाला. काबूलमध्ये नामुष्की पत्करलेल्या इंग्रजी फौजेने परतताना गझनीहून, महमूदाच्या कबरीवरील इमारतीचे दरवाजे उचलून आणले. गव्हर्नर जनरल एलनबरो याने जाहीरनामा काढला की, हे सोमनाथच्या मंदिराचे दरवाजे असून आठशे वर्षांच्या अपमानाचा आता सूड उगविला गेला आहे. दरवाजांची मिरवणूक निघाली. पुढे पाहणीत असे आढळले की लाकूड चंदनाचे नसून देवदाराचे आहे आणि घडणही सोमनाथची नाही. ते दरवाजे आग्र्याच्या किल्ल्यात पडून राहिले. मात्र हिंदू-मुस्लिम वैराची जी ओळ त्यांच्याखाली लिहिली गेली, ती किल्ल्यात पडून राहिली नाही.

यापेक्षाही जवळचे, आपल्या रत्नागिरीच्या दारातले उदाहरण आहे, आणि त्याचा धागा थेट आजच्या एका मुस्लिम समूहाच्या शोकांतिकेपर्यंत जातो. त्याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते.

रत्नागिरीतील थिबा पॅलेस पाहिला नाही असा आपल्या भागातील वाचक विरळाच. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा येथे कैदेत राहिला, एवढे शाळकरी मुलेही सांगतात. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशावर चढाई केली आणि दोन आठवड्यांत राजधानी मंडाले त्यांच्या ताब्यात आली. युद्धाचे तात्कालिक कारण सागवानाचे होते. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीला जंगलतोडीच्या प्रकरणात थिबाच्या दरबाराने मोठा दंड केला होता. परंतु लाकडासाठी युद्ध करतो असे कोणते साम्राज्य जाहीर करील? इंग्लंडमधील वृत्तपत्रांनी काही वर्षांपासून थिबाचे एक चित्र रंगविले होते: मद्यपी, रक्तपिपासू, अर्धवेडा राजा. यातला एक भाग खरा होता. १८७९ मध्ये त्याच्या राज्यारोहणानंतर राजकुळातील अनेक प्रतिस्पर्ध्यांची निर्घृण हत्या झाली होती, आणि इस्लामी न्यायबुद्धीने पाहणाऱ्याने ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. खरी हत्या आणि खोटे कारण यांची अशी गाठ मारली की सामान्य वाचकाला ती सोडविता येत नाही. राजा वाईट होता, म्हणून सागवानाची जंगले आमची!

मंडालेचा राजवाडा सागवानी होता. थिबाचे वडील मिंडन यांनी तो बांधला. विजयी सैनिकांनी त्यात लूट केली आणि राजग्रंथालयातील हस्तलिखिते व दप्तरे जाळली. दरबारी दालनांतील एका भागात पुढे गोऱ्या अधिकाऱ्यांचा क्लब भरू लागला. लॉर्ड कर्झनने तो हलविण्याचा आदेश दिला, तोवर बरीच वर्षे लोटली होती. याच काळात विलोबी वॉलेस हूपर नावाचा एक लष्करी अधिकारी तेथे कॅमेरा घेऊन फिरत होता. देहदंड दिल्या जाणाऱ्या कैद्यांना गोळ्या लागण्याचा नेमका क्षण काचेवर टिपता यावा, असा त्याने प्रयत्न केला. बातमी लंडनला पोहोचल्यावर गदारोळ झाला, चौकशी झाली, त्याला ठपका मिळाला. तरीही त्याच्या शंभर छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध झालाच. मरणाऱ्या माणसाकडे एक दृश्य म्हणून पाहण्याची ही सवय कॅमेऱ्याबरोबरच जन्मली, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

थिबाला एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले गेले. सुमारे तीस वर्षे तो येथे नजरकैदेत होता. आज आपण पाहतो तो वाडा त्याच्यासाठी १९१० च्या सुमारास तयार झाला आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो येथेच मरण पावला. त्याची कबरही रत्नागिरीतच आहे. आपला अखेरचा बादशाह बहादुरशाह जफर रंगूनमध्ये १८६२ साली मरण पावला व तेथेच दफन झाला. एका साम्राज्याने दोन देशांच्या राजांची अशी अदलाबदल केली. रंगून हा शब्द कोकणी मुस्लिम घरांना परका नाही. त्या बंदराच्या आठवणी आपल्या कित्येक कुटुंबांत आहेत.

मागे राहिलेला मंडालेचा राजवाडा मार्च १९४५ मध्ये, जपान्यांकडून शहर परत घेण्याच्या लढाईत जळून खाक झाला. टेहळणीच्या मनोऱ्यासारखे एखाद-दुसरे बांधकाम तेवढे बचावले. म्हणजे युद्धांनी या वास्तूवर दोनदा घाला घातला. एकदा आतून लुटून, दुसऱ्यांदा राख करून. ब्रह्मी जनतेला त्याचे दुःख असणे स्वाभाविक आहे आणि ते दुःख खरे आहे. येथवर कोणाचीच तक्रार असण्याचे कारण नाही.

प्रश्न त्यानंतर सुरू होतो. १९९० च्या दशकात तेथील लष्करी राजवटीने हा राजवाडा पुन्हा उभारला. सागवानाऐवजी काँक्रीट आणि पत्रे वापरले गेले, आणि खंदक उपसण्यासारख्या कामांवर कैद्यांना व शहरवासीयांना सक्तीने राबविण्यात आले. राजवाड्याच्या प्रवेशाजवळ फलक लागला: लष्कर व जनता मिळून देशाच्या शत्रूंना चिरडून टाकतील, अशा अर्थाचा. परकीयांनी उद्ध्वस्त केलेल्या वास्तूचे चित्र आता लष्कराच्या हाती होते, आणि त्याखालची ओळ लष्कराने लिहिली होती.

या चित्रातून काय गाळले गेले तेही पाहा. मंडाले हे मुसलमानांचेही शहर होते. मिंडन राजाने युनानमधून आलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांना जागा दिली आणि तेथे १८६८ मध्ये मशीद उभी राहिली. तिला पांथे मशीद म्हणतात. ज्या राजघराण्याच्या नावाने आज शुद्ध बौद्ध राष्ट्राचा घोष केला जातो, त्या घराण्यानेच आपल्या राजधानीत मशिदीसाठी जमीन दिली होती. नव्या काँक्रीटच्या महालात ही गोष्ट सांगणारी पाटी असण्याची अपेक्षा कोणी करणार नाही.

डिसेंबर २०१६ मध्ये थिबाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने म्यानमारचे उपराष्ट्राध्यक्ष आणि सरसेनापती मिन आँग हलाइंग रत्नागिरीत आले, राजाच्या कबरीवर आदरांजली वाहण्यात आली. आपल्या शहराने पाहुण्यांचे आदरातिथ्य केले, तेही योग्यच. पण त्याच महिन्यात ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने उपग्रहावरून घेतलेली छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. त्यांत अराकान प्रांतातील रोहिंग्या गावांत किमान १,५०० इमारती जळालेल्या दिसत होत्या. दूरच्या समुद्रकिनारी एका राजाच्या कबरीवर फुले वाहणारे हात आणि त्या गावांत मोहीम चालविणारे हात एकाच सैन्याचे होते. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१७ पासून, सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळून गेले.

जुलै २०१८ मध्ये म्यानमारच्या लष्कराच्या जनसंपर्क व मानसशास्त्रीय युद्ध विभागाने एक पुस्तक काढले. रोहिंग्या हे इंग्रजी राजवटीबरोबर घुसलेले परके आहेत, हे ठसविणे त्याचा हेतू होता. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने त्यातील छायाचित्रांचा शोध घेतला तेव्हा तीन छायाचित्रे खोट्या ओळींखाली छापलेली आढळली. एकात दोन मृतदेहांजवळ एक माणूस उभा आहे. खाली लिहिले होते की बंगाल्यांनी स्थानिकांना क्रूरपणे मारले. वस्तुतः ते १९७१ च्या बांगलादेश युद्धातील चित्र होते. दुसऱ्यात माणसांची लांबच लांब रांग चालली आहे. इंग्रजांनी दक्षिण म्यानमार घेतल्यानंतर बंगाली देशात घुसले, अशी त्याखालची ओळ. वस्तुतः ते १९९६ मधील रवांडाच्या निर्वासितांचे रंगीत छायाचित्र होते; जुने वाटावे म्हणून त्याचा रंग काढून टाकला होता. तिसऱ्यात माणसांनी भरलेली बोट आहे. बंगाली जलमार्गाने आत येत आहेत, असे त्याखाली छापले होते, आणि प्रत्यक्षात २०१५ मध्ये देश सोडून जाणाऱ्यांची ती बोट होती. छायाचित्र उलटे फिरवून धूसर केले होते. बाहेर जाणाऱ्याला आत येणारा करण्यासाठी एवढेच पुरेसे ठरले. सप्टेंबर २०१८ मध्ये लष्कराला चुकीच्या छायाचित्रांबद्दल माफी मागावी लागली.

दुसऱ्या छायाचित्राची ओळ पुन्हा वाचा. तिचा सारा आधार इंग्रजांच्या आक्रमणाच्या आठवणीवर आहे. जळालेला ग्रंथसंग्रह, लुटलेला महाल, हद्दपार झालेला राजा या खऱ्या जखमा आहेत. त्याच दाखवून, त्या जखमा करण्यात ज्यांचा काहीही हात नव्हता अशा शेतकऱ्या-कोळ्यांकडे बोट वळविले गेले. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने तर १८२३ पूर्वी देशात असलेल्या समूहांचीच मूळ रहिवासी म्हणून गणना केली. इंग्रजांशी पहिले युद्ध १८२४ मध्ये सुरू झाले, हे लक्षात घेतले म्हणजे ही तारीख कोठून आली ते समजते.

हे वाचून आपल्या मनात संताप दाटून येईल. तो रास्त आहे. पण सूरह निसाची १३५ वी आयत आपल्याला न्यायावर ठाम राहण्यास आणि अल्लाहसाठी साक्ष देण्यास सांगते, ती साक्ष स्वतःच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध जात असली तरीही. म्हणून नाण्याची दुसरी बाजू पाहणे आपल्यावर बंधनकारक आहे.

ऑगस्ट २०१७ च्या अखेरीस, रोहिंग्यांवर आकाश कोसळले असताना, तुर्कस्तानचे तत्कालीन उपपंतप्रधान मेहमेत शिमशेक यांनी त्यांच्याविषयीच्या कळवळ्याने ट्विटरवर चार छायाचित्रे टाकली. आईच्या मृतदेहाजवळ रडणारी बालके त्यात होती. ते चित्र १९९४ च्या रवांडातील निघाले. झाडाला बांधलेल्या मृत माणसाजवळ शोक करणारी स्त्री होती. ते इंडोनेशियातील आचे प्रांताचे निघाले. शिमशेक यांनी ती छायाचित्रे काढून टाकली. परंतु सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आंग सान स्यू ची यांनी तुर्कस्तानच्या अध्यक्षांशी बोलताना याच छायाचित्रांचा आधार घेतला आणि हे खोट्या माहितीच्या हिमनगाचे केवळ टोक आहे, असा दावा केला. गावे खरोखर जळत होती, माणसे खरोखर मरत होती, आणि अत्याचार नाकारणाऱ्यांच्या हाती आपल्याच एका हितचिंतकाने पुरावा दिला होता! रवांडाच्या मृतांना दोन्ही बाजूंनी कामाला लावले गेले. आयतीत आलेला 'अजाणतेपणी अपाय' हा इशारा येथे किती शब्दशः खरा ठरतो ते पाहा. अपाय शत्रूला झाला नाही, मजलूमांनाच झाला.

स्वतःला इस्लामचे कैवारी म्हणविणाऱ्यांनीही हे केले आहे. मोसुलची अल-नूरी मशीद आणि तिचा झुकलेला हदबा मिनार इराकच्या दहा हजार दिनारांच्या नोटेवर छापलेला आहे. २१ जून २०१७ रोजी तो मिनार कोसळला. दाइशने तात्काळ अमेरिकी विमानांवर आळ घेतला. इराकी सैन्याने प्रसिद्ध केलेल्या दृश्यफितीत मशीद आतून सुरुंगाने उडविल्याचे दिसत होते. शतकानुशतके अजान ज्या मिनारावरून दिली गेली तो स्वतःच्या हातांनी पाडायचा आणि त्याच्या ढिगाऱ्याचे चित्र मुसलमानांना दाखवून सहानुभूती मागायची, याहून मोठी खोटी साक्ष कोणती? सीरियातील पालमिरा शहराच्या भग्न कमानींचे चित्र तर सर्वांनीच वापरले. दाइशने ते दहशतीसाठी वापरले, मे २०१६ मध्ये रशियन वाद्यवृंदाने तेथील प्राचीन नाट्यगृहात मैफल केली, लंडनमध्ये कमानीची प्रतिकृती उभी राहिली. त्याच शहरातील ज्या तुरुंगात १९८० मध्ये शेकडो कैद्यांची कत्तल झाली, तो दाइशने उडविला तेव्हा मात्र जगाने फारशी हळहळ व्यक्त केली नाही. त्या वास्तूबरोबर तेथील अत्याचारांचा एक पुरावाही नाहीसा झाला. पालमिराच्या अवशेषांची चाळीस वर्षे निगा राखणारे वयोवृद्ध मुस्लिम पुरातत्त्वज्ञ खालिद अल-असअद यांना दाइशने ठार मारले, हेही कमानीच्या चित्राइतके लोकांना माहीत नाही.

येथे आपल्या किनाऱ्याची एक गोष्ट सहज आठवते. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी आपले दाभोळ बंदर जाळले आणि तेथे भीषण कत्तल केली. तिचे एकही छायाचित्र असणे शक्य नाही. म्हणून तिच्यावर कोणी राजकारण करीत नाही, आणि आपण हळहळतही नाही. आपली हळहळ कॅमेरा जेथे पोहोचतो तेथपर्यंतच जाते, हे ध्यानात ठेवणे बरे.

इस्लामची भूमिका वास्तूंबाबत उदासीन आहे, असा समज काही तरुणांत दिसतो. तो निराधार आहे. सूरह हजच्या चाळिसाव्या आयतीत मशिदींबरोबरच मठ, चर्च आणि यहुद्यांची प्रार्थनास्थळे यांचा उल्लेख आहे. अल्लाहने लोकांना एकमेकांकरवी रोखले नसते तर ही सर्व स्थळे उद्ध्वस्त झाली असती, असा तिचा आशय आहे. हजरत अबूबक्र (रजि.) यांनी सीरियाकडे सैन्य पाठविताना स्त्रिया, मुले व वृद्धांना मारू नका, फळझाडे तोडू नका, वसलेली ठिकाणे उजाड करू नका, अशी ताकीद दिल्याचे मुवत्तामध्ये नोंदलेले आहे. म्हणून उद्ध्वस्त वास्तूचे दुःख करणे हे ईमानशी सुसंगतच आहे, मग ती वास्तू गाझातील उमरी मशीद असो, बामियानच्या मूर्ती असोत वा मंडालेचा राजवाडा. दुःखाला मर्यादा नाही. साक्षीला मात्र आहे. प्रेषित (स.) सर्वांत मोठी पापे सांगत असताना टेकून बसले होते, खोट्या साक्षीचा उल्लेख येताच ते सावरून ताठ बसले आणि तेच पुनःपुन्हा सांगत राहिले, असे बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आले आहे. आणि ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नका, कान, डोळे व हृदय या सर्वांविषयी विचारणा होईल, असे सूरह बनी इस्राईल बजावते. त्यात डोळ्यांचाही उल्लेख आहे. पाहिलेल्या चित्राचाही हिशेब आहे.

घरात याचा अर्थ काय? भ्रमणध्वनीवर उद्ध्वस्त मशिदीचे चित्र आले की ते पुढे पाठविण्यापूर्वी एवढे पाहावे की चित्र कोणत्या शहराचे, कोणत्या वर्षीचे, कोणी काढलेले आहे, आणि खालची ओळ ज्याने लिहिली त्याला आपल्याकडून काय हवे आहे: दुआ, मदत, की कोणाविषयी द्वेष? चित्राचा मूळ स्रोत शोधण्याची सोय आज भ्रमणध्वनीतच असते आणि घरातील शाळकरी मुलाला ती आपल्यापेक्षा चांगली येते. त्यालाच हे काम सांगावे, म्हणजे त्याचेही शिक्षण होईल. उत्तर मिळाले नाही तर चित्र आपल्याजवळच राहू द्यावे. ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे एवढेच माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, ही हदीस आपण मुलांना सांगतो. ती बोटांनाही लागू आहे. आणि चित्र खरे असले तरी त्यातील मृतांची विटंबना होत असेल, त्यांच्या नातलगांनी ते पाहिले तर काय वाटेल असा प्रश्न मनात येत असेल, तर न पाठविणेच श्रेयस्कर.

पाठविलेले चित्र चुकीचे होते असे नंतर कळले, तर पुष्कळ जण ते गुपचूप पुसून टाकतात. सूरह बकराच्या १६० व्या आयतीत सत्य लपविणाऱ्यांच्या तौबेचा उल्लेख आहे, आणि तेथे तौबा व सुधारणा यांच्या जोडीला तिसरी अट घातली आहे: लपविलेले उघड करून सांगणे. शिमशेक यांनी छायाचित्रे पुसली, पण तोवर ती हजारो ठिकाणी पोहोचली होती. म्हणून ज्या समूहात चूक गेली त्याच समूहात, तितक्याच ठळकपणे, मागचे चित्र अमुक देशाचे व अमुक वर्षाचे होते, असे लिहावे. ज्यांनी आपल्याकडून ते घेऊन पुढे पाठविले असेल, त्यांनाही कळवावे.